‘आणि’च्या पुढची पानं

माझ्या मावशीने आयुष्यात कपाटंच्या कपाटं वाचून काढली, पण भर सभेत तिची फजिती केली ती एकाच पुस्तकाने, आणि ते तिने अर्धवट वाचलेलं होतं. ‘अर्धवट’ म्हटलेलं तिला खपायचं नाही. “अर्धवट नाही, होतं तेवढं सगळं वाचलं,” असं ती चष्म्यावरून बघत म्हणायची. मावशी चष्म्यावरून बघायला लागली की वाद घालायचा नसतो, हे आमच्या घरातल्या मांजरालाही कळत होतं.

ती वाचनालय सांभाळायची. वाचनालय म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या एका इमारतीच्या माडीवरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबल, दांड्यांना अडकवलेली वर्तमानपत्रं आणि ती धरून डुलक्या घेणारी निवृत्त मंडळी. मागच्या खोलीत कपाटं, डिंकाची बाटली आणि मावशी. भिंतीवर ठोके देणारं मोठं घड्याळ होतं. खाली, लाकडी जिन्याच्या अगदी पायथ्याशी, घड्याळजींचं दुकान होतं.

घड्याळजी इतके अबोल, की “घड्याळ उद्या मिळेल” हेसुद्धा ते बोटानेच सांगायचे. दर शनिवारी वर येऊन ते वाचनालयाच्या घड्याळाला किल्ली द्यायचे. हे काम खरं तर हात वर करून खाली घेईपर्यंत संपतं, पण त्यांना अर्धा तास पुरायचा नाही. आधी काच पुसायची, मग लंबक बघायचा, मग मावशीने पुढे केलेलं एखादं पुस्तक चाळायचं. माझी आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. तिचं मत असं, की घड्याळात काही बिघाड नाही, बिघाड घड्याळजींत आहे. यावर मावशीचे कान लाल व्हायचे.

आता त्या पुस्तकाविषयी. घर बदलून जाणाऱ्या कुणीतरी एक पेटी भरून पुस्तकं वाचनालयाला दिली, त्यात ती कादंबरी होती. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, समुद्राचे नकाशे काढणारा गरीब तरुण, आणि मध्ये तडमडणारा गलबतांचा श्रीमंत मालक. प्रेम, वादळ, गैरसमज, ताटातूट, सगळं कसं पोटभर. शेवटी नायक कित्येक वर्षांनी परत येतो. वर दिवा जळत असतो. तो दीपगृहाच्या जिन्यापाशी उभा राहतो, पहिल्या पायरीवर पाय ठेवतो आणि…

आणि काही नाही. ‘आणि’ हाच त्या पुस्तकातला शेवटचा शब्द. पुढची पानं शिवणीतून निखळून कुठे गेली होती, देव जाणे. मावशीने प्रकाशकाला कळवलं, तर त्याने दुकान कधीच बंद केलेलं. दुसरी प्रत आणावी म्हटलं, तर वाचनालयाचे अध्यक्ष, जे निवृत्त न्यायाधीश होते, त्यांनी “प्रेमकथेची एक प्रत ही गावाच्या प्रकृतीला पुरेशी आहे,” असा निकाल देऊन टाकला.

पुस्तक पहिल्यांदा नेलं बेकरीवाल्या बाईंनी. बाईंचा नवरा पूर्वीच घर सोडून गेला होता आणि ती भट्टी एकटीने चालवत होती. ती डोळे सुजवून आली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, “बाई, पुढे काय होतं ते सांगा, नाहीतर उद्या गावाला पाव मिळणार नाही.” पानं नाहीत असं सांगायला मावशीने तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं. शेवटची पानं तिने मुद्दाम काढून कपाटात ठेवली आहेत म्हणे. लोक आधी शेवट वाचतात आणि पुस्तक न वाचताच परत करतात, म्हणून वाचनालयाचा नियम केलाय, की पुस्तक संपवायचं, मग शेवट ग्रंथपाल तोंडी सांगणार. आणि तो दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही.

मग तिने शेवट सांगितला. नायक वर जातो, ती त्याला चहा पाजते, वाटेला लावते आणि पुढे दीपगृह स्वतः चालवते. गलबतांचा मालक तिच्याच दिव्याच्या उजेडात बंदराला लागतो आणि मान खाली घालून निघून जातो. बेकरीवाली डोळे पुसून ताठ मानेने जिना उतरली, आणि दुसऱ्या दिवशीचा पाव म्हणे नेहमीपेक्षा जास्त फुगला होता.

तिथून मावशीला माघार उरली नाही. मला तर वाटतं, तिला ती नकोच होती. प्रत्येक वाचकाला ती समोर बसवायची, पुस्तकाबद्दल दोन-चार प्रश्न विचारायची, आणि त्याच्या उत्तरांवरून त्याचं कुठे दुखतंय ते ओळखून शेवट सांगायची. पोस्टमास्तरांच्या घरात तीन मुली लग्नाच्या. त्यांच्या वाट्याला वडिलांच्या आशीर्वादाने झालेलं थाटाचं लग्न आलं. अध्यक्षांना तिने गलबतांच्या मालकावर रीतसर खटला भरून दाखवला आणि त्याला सक्तमजुरी दिली. दातांचे डॉक्टर मुळातच उदास गृहस्थ, दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकून आणखी कोमेजलेले. त्यांच्यासाठी तिने नायक-नायिका दोघांनाही बुडवलं. डॉक्टर त्यानंतर बरेच दिवस प्रसन्न होते. आणि नियम मोडायचा नाही म्हणून सगळे आपापला शेवट पोटात ठेवून मूग गिळून गप्प. गावभर लोक एकमेकांना “वाचलीत का?” म्हणून विचारायचे, “वाचली!” म्हणून सांगायचे, उसासा टाकायचे आणि आपापल्या वाटेने जायचे.

मग एका शनिवारी घड्याळजी पुस्तक परत घेऊन आले. खुर्चीत बसले. मावशीने काही विचारायच्या आत, कधी नव्हे ते, त्यांनीच तोंड उघडलं.

“तो वर जातो का?”

इतकंच. पण असं काही विचारलं, की मावशी आपले नेहमीचे प्रश्न विचारायचेच विसरली. कारण त्याच आठवड्यात गावात बोलवा उठली होती, की घड्याळजी बेकरीवालीला मागणी घालणार. ते रोज बेकरीसमोर उभे राहून कसला तरी विचार करताना दिसत होते म्हणे. म्हणजे हा माणूस माझ्याकडून धीर घेऊन बेकरीच्या पायऱ्या चढणार, असा मावशीने हिशोब मांडला. बाकी सगळ्यांना हवा तो शेवट देणारी माझी मावशी, पण त्या दिवशी तिने जो शेवट दिला तो फक्त स्वतःसाठी होता.

“नाही जात,” ती म्हणाली. “पहिल्या पायरीवर पाय ठेवतो आणि मागे घेतो. तिला तो हवा असता, तर तीच खाली आली असती, हे त्याच्या लक्षात येतं. शहाणा माणूस. परत फिरतो.”

घड्याळजींनी मान डोलावली. पुस्तक टेबलावर अगदी सरळ ठेवलं आणि खाली गेले. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वाचनालयाचं घड्याळ हळूहळू मंदावलं आणि चार वाजून दहा मिनिटांवर एकदाचं थांबलं. घड्याळजी बेकरीवालीकडेही गेले नाहीत, कुठेच गेले नाहीत, दुकानात डोळ्याला भिंग लावून बसून राहिले. मावशी येताजाता त्यांच्या दारावरून जायची, ते मान लववायचे, ती मान लववायची. अध्यक्ष म्हणाले, शेजारच्या गावाहून दुसरा कारागीर बोलावू. त्यावर मावशीने चष्म्यावरून असं काही बघितलं, की पुन्हा तो विषय निघाला नाही. वर्षं गेली. चार वाजून दहा मिनिटं काही हलली नाहीत.

मग गावात सिनेमा आला. वाचनालयाच्या समोर धान्याचं गोदाम होतं, त्यात खुर्च्या मांडून एका हौशी गृहस्थाने चित्रपटगृह काढलं. त्याला सगळे पडदेवाले म्हणत. चित्रपट मुका, हलता आणि पावसातल्या काचेतून बघितल्यासारखा रेघांचा. आणि एक दिवस पडदेवाल्यांनी भिंतीवर जाहिरात लावली. त्यावर दीपगृह होतं, नकाशांची भेंडोळी घेतलेला तरुण होता, आणि आपल्या लाडक्या कादंबरीचं नाव होतं.

गाव वेडं झालं. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

“सगळ्यांना एकदम खरा शेवट दिसणार,” ती आईला म्हणाली. “एकाच वेळी. एकाच पडद्यावर.”

“दिसू दे. तू म्हण, सिनेमावाल्यांनी बदलला,” आई म्हणाली.

“बाकीच्यांना म्हणेन गं. पण ते…” आणि मावशीने वाक्य पुरं केलं नाही.

पुरं करायची गरजही नव्हती. नायक जिना चढला, तर घड्याळजींना कळणार, की बाईंनी आपल्याला खोटं सांगितलं आणि त्या खोट्यावर आपली इतकी वर्षं गेली. मग ते मानही लववणार नाहीत. आणि नायक परत फिरला, तर मावशी वाचली, पण मग चार वाजून दहा मिनिटं कायमचीच. म्हणजे इकडूनही पंचाईत, तिकडूनही पंचाईत. मावशीने तापाचं सोंग काढायचं ठरवलं. आई म्हणाली, “तू गेली नाहीस तर सगळे घरी येऊन विचारतील. तिथे निदान अंधार तरी असतो.”

दुपारचा पहिला खेळ होता. पडदेवाल्यांनी मावशीला मानाची म्हणून पहिल्या रांगेतली खुर्ची दिली होती. मी आईच्या मांडीवर मावत नव्हते आणि माझं वेगळं तिकीट काढायला आई तयार नव्हती, त्यामुळे मी मावशी आणि आई यांच्या खुर्च्यांमधल्या फटीत सगळा चित्रपट पाहिला. दातांचे डॉक्टर आधीच रुमाल काढून बसले होते. अध्यक्ष काठीवर हनुवटी टेकवून. घड्याळजी एका कडेला, भिंतीशी उभे.

चित्रपट कसा होता म्हणाल, तर मला अजून हसू येतं. नायिका चांगली खात्यापित्या घरची होती, आणि दीपगृह पुठ्ठ्याचं, त्यामुळे ती दाराला टेकली की दीपगृह हलायचं. समुद्राची एकच लाट त्यांच्याकडे असावी. तीच पुन्हा पुन्हा यायची, आणि तिच्यावर तोच एक बगळा. नायकाला प्रेम वाटलं की तो छातीवर हात मारायचा, दुःख झालं की कपाळावर. चित्रपटाच्या मध्यापर्यंत त्याने स्वतःला इतकं बडवलं होतं, की मला त्याची दया आली. तरीपण वादळ झालं तेव्हा लोकांनी खुर्च्या घट्ट धरल्या, आणि पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या शिक्षकांचा घसा भरून आला. कादंबरीतलं पान न् पान तसंच घडत होतं. मावशीने माझा हात धरला होता. तिचा कधी थंड व्हायचा, कधी गरम.

मग तो प्रसंग आला. नायक परतला. वर दिवा. जिना. सगळं गोदाम श्वास रोखून बसलं. नायकाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला…

आणि रीळ संपलं. पडदेवाल्यांनी घाईघाईने शेवटच्या डब्यातलं रीळ चढवलं. पुन्हा उजेड झाला. पडद्यावर कोंबड्या आल्या.

पांढऱ्या, गुबगुबीत, पुष्कळ कोंबड्या. दाणे टिपत होत्या. मुक्या चित्रपटाला साथ म्हणून पियानो वाजवणाऱ्या बाईंना लांबचं दिसत नव्हतं, त्यांनी समोरच्या कागदावरची विरहाची धून तशीच चालू ठेवली. लोक पाहत राहिले. कुणालाच काही वावगं वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगते. मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, “म्हणजे दोघांनी गावाकडे जाऊन संसार थाटला.” “बघा, कष्ट केले, पण सुखात आहेत,” दुसरं कुणीतरी म्हणालं. पोस्टमास्तरांनी तर डोळे टिपले. एक माणूस खुराड्यात वाकून अंडं काढत होता, तो नायकच आहे, फक्त आता पोक्त झालाय, असंही ठरलं. डॉक्टर तेवढे अस्वस्थ होऊन सारखे म्हणत होते, “पण ते बुडणार कधी?”

एवढ्यात पाटी आली आणि शिक्षकांनी भरल्या गळ्याने वाचली: “अंडं ताजं आहे की नाही, हे कसं ओळखावं?”

दिवे लागले. डब्यांची अदलाबदल झाली होती. कुक्कुटपालनाचं शिक्षण देणाऱ्या मंडळींकडे कुठेतरी आमचा शेवट गेला होता, आणि त्यांच्या कोंबड्या आमच्याकडे. पडदेवाले घाम पुसत पुढे आले. लोक खुर्च्या आपटायला लागले होते. पडदेवाल्यांची नजर पहिल्या रांगेवर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“मंडळी, शांत व्हा! आपल्या भाग्याने ज्यांना शेवट माहीत आहे त्या बाई इथेच बसल्या आहेत. त्या सांगतील!”

टाळ्या पडल्या. मावशी उठली नाही, तिला उठवलं गेलं. ती पांढऱ्या पडद्यासमोर उभी राहिली आणि समोर तिचं सगळं वाचनालय बसलेलं.

“सांगा, बाई,” बेकरीवाली ओरडली, “दीपगृह कसं चालवते ते सांगा!”

“दीपगृह कसलं चालवते?” पोस्टमास्तर म्हणाले. “लग्न होतं तिचं!”

“ती बुडते,” डॉक्टर उठून म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला. “दोघेही बुडतात. मला बाईंनी स्वतः सांगितलंय!”

“आणि खटला?” अध्यक्षांनी काठी आपटली. “सक्तमजुरीचं काय झालं?”

मग जो गोंधळ उडाला तो सांगण्यात अर्थ नाही. गावातली शहाणीसुरती माणसं, एरवी एकमेकांना वाट देणारी, बुडली-नाही-बुडली यावरून एकमेकांच्या अंगावर जात होती. शेवटी अध्यक्षांनी जुनी सवय बाहेर काढली आणि कोर्टातल्यासारखा आवाज लावला. सगळे गप्प झाले.

“बाई. खरा शेवट कोणता?”

मावशीने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा फार लहान दिसायचा. मला रडूच आलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “ती पानं पुस्तकात नव्हतीच. कपाटातही नाहीत. मी प्रत्येकाला रचून सांगितलं.”

मग भिंतीकडून आवाज आला. घड्याळजी असे बोलले, की जणू प्रत्येक शब्द चिमट्याने उचलत होते.

“तो पायरीवरून परत फिरतो, ते?”

“तेही.”

“का?”

मावशी पडद्यासमोर उभी होती. मागे हटायला जागा नव्हती. “तुम्ही बेकरीच्या पायऱ्या चढू नयेत म्हणून.”

घड्याळजी विचारात पडले. “बेकरीला पायऱ्या नाहीत,” ते म्हणाले.

“अहो, पण माझ्याकडे कशाला येतील हे?” बेकरीवाली उसळली. “यांना माझा पाव आवडत नाही. रोज समोर उभं राहून मान हलवत असायचे!”

“बेकरीच्या दारावरचं घड्याळ पुढे जायचं,” घड्याळजी म्हणाले. “बघवत नव्हतं.”

एवढं बोलून त्यांनी टोपी उचलली आणि बाहेर निघून गेले. दार मागे हलत राहिलं. मावशी खुर्चीत येऊन बसली. लोकांना आता तिची कणव आली, पण जवळ कसं जावं कळेना. डॉक्टरांनी आपला कोरडा राहिलेला रुमाल तिच्यापुढे धरला. “मला माझा शेवट अजूनही पटतो, बाई,” ते म्हणाले. त्यांच्या परीने हे सांत्वन होतं.

आणि तेव्हा ठोके पडायला लागले.

रस्त्यापलीकडून, माडीवरून. पाच. थोडं थांबून सहा. मग सात. लोक दाराशी जमले. बंद पडलेल्या ठोक्याच्या घड्याळाचे काटे नुसते फिरवून चालत नाहीत. प्रत्येक तास पुरा वाजू द्यावा लागतो, तेव्हाच पुढे सरकता येतं, नाहीतर घड्याळ कायमचं चुकीचं वाजतं. घड्याळजी चार वाजून दहा मिनिटांपासून एकेक तास फेडत होते. आठ, नऊ, दहा. सगळं गाव रस्त्यात उभं राहून ऐकत होतं आणि कुणी हसत नव्हतं. बारा वाजले, मग एक, दोन. मग तीन, आणि तीन हे बरोबर होतं, कारण खेळ सुटायची तीच वेळ होती.

मावशीने चष्मा घातला. गर्दीने वाट दिली. ती रस्ता ओलांडून गेली, दुकानाचं दार उघडंच होतं, आत कुणी नव्हतं. तिने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर गेली. मी तिच्या मागे पळणार, तेवढ्यात आईने माझी वेणी धरली. इतकी घट्ट, की मान मागे गेली.

वर काय झालं ते त्यामुळे मला माहीत नाही. काकांना विचारलं, म्हणजे घड्याळजींना, कारण पुढे तेच माझे काका झाले, तर ते म्हणायचे, “लंबकावर धूळ होती.” मावशी मात्र रंगवून सांगायची आणि प्रत्येक वेळी वेगळं सांगायची. माझी परीक्षा बुडाली तेव्हा वेगळं, माझं लग्न ठरलं तेव्हा वेगळं.

वाचनालयातून तिला काढावं, असं एकदोघांनी सुचवलं. पण अध्यक्ष म्हणाले, आरोपीने कबुली दिली आहे आणि नुकसान कुणाचंच झालेलं नाही, सबब प्रकरण बंद. शिवाय आता त्यांनीच दुसरी प्रत मागवायची परवानगी दिली. ती प्रत मिळायला बरेच दिवस लागले. आली ती अखंड, शेवटच्या पानासकट. काका आणि मी टेबलाशी बसलो आणि मावशीने मोठ्याने वाचलं. नायक जिना चढतो आणि वर त्याला नायिकेचा बाप भेटतो. बाप दिव्याच्या तेलावर आणि वातीच्या काळजीवर पाच पानं बोलतो. नायिका गेल्याच वर्षी गलबतांच्या मालकाशी लग्न करून सुखात आहे. नायक म्हणतो, “ईश्वराची इच्छा,” आणि दीपगृहात नोकरी धरतो. समाप्त.

मावशीने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. “तेलाची माहिती चांगली आहे,” काका शेवटी म्हणाले.

मावशीने खणातून पुस्तकं बांधायची बारीक सुरी काढली. ‘आणि’च्या पुढची पानं शिवणीपासून हलक्या हाताने कापली, कागदात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. नियम एकदाचा खरा झाला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गावात नवीन आलेली नर्स होती. काल नेलेली जुनी प्रत छातीशी धरलेली, नाक लाल.

“बाई, पुढे?”

मावशीने खुर्ची पुढे ओढली. “बस हं,” ती म्हणाली. “आधी मला सांग, तो गलबतांचा मालक तुला कसा वाटला?”